सबनीसांच्या भुवया

“गुप्ते, बंद करा ते! माझी कवळी चाललीय!”

भर दुपारी दोन वाजता सबनीसकाका जिन्यात उभे राहून ओरडत होते. एका हातात कठडा, दुसऱ्या हातात पायजम्याची नाडी. ते आमच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहायचे. जेवण झालं की एक ते चार ते खाटेवर झोपत आणि त्यांची कवळी समोरच्या फळीवर पाण्याच्या वाटीत झोपे. त्या दुपारी वाटी कवळीसकट रेडिओपाशी उठली, कॅलेंडरच्या खालून चालत गेली आणि फळीच्या टोकाशी येऊन थांबली, उडी मारावी की घरी परतावं याचा विचार करत. हे काही मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण पुढची पंधरा वर्षं काकांनी ते जिन्यात, गच्चीवर आणि भाजीच्या रांगेत इतक्या बारकाईनं सांगितलं, की फळीवरच्या धुळीत वाटीचा उमटलेला मागसुद्धा मला आता दिसतो.

वर आमच्या गॅलरीत मी लेथचं बटण बंद केलं, केसांवरचा पंचा सोडला आणि अर्थशास्त्राचं पुस्तक उघडून बसले. पुस्तक उलटं होतं. बघायला कोणी नव्हतं. बाबा मोहन्याच्या कारखान्यात पहिल्या पाळीला, आई दुपारच्या शाळेत शिकवायला कल्याणला, आणि आत्या आतल्या खोलीत झोपलेली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिला ऐकू कमी यायचं आणि ती घोरायची मात्र अशी, की लेथ चालू आहे की आत्या, हे तळमजल्यावरच्या लोकांना महिनोन्महिने ठरवता आलेलं नव्हतं.

इतरांच्या गॅलरीत तुळस असते, आमच्या गॅलरीत लेथ होता. बाबांनी तो भंगारातून आणला तेव्हा त्याच्यात एका चिमणीचं घरटं होतं. कारखान्यात ते टर्नर, म्हणजे लेथवर वस्तू गोल फिरवत कातणारे. दिवसभर लोखंड कातून आले की चहा घ्यायचे आणि मन रमवायला पुन्हा कातायला बसायचे. कातायचे काय, तर पेनं. शाईची, हातानं केलेली, दोन कधी एकसारखी न होणारी. तळमजल्यावरच्या एक बाई तर विरजणाचं भांडं फरशीवर ठेवून बाबांची वाट बघत. बाबांनी लेथ लावला की अर्ध्या तासात लोणी वर येई. त्यांची काही तक्रार नव्हती. तक्रार असायची ती सबनीसकाकांची, आणि सबनीसकाका सोसायटीचे सचिव होते.

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, पण माझं खरं कॉलेज गॅलरीत. काळ्या एबोनाइटवर बाबांनी माझा हात बसवला होता. एबोनाइट म्हणजे गरीब गाय. कडक रबरच ते, घाणेरडा वास मारतं, पण सांगाल तसं वागतं. मग एके दिवशी बाबा ठाण्याहून एक कांडी घेऊन आले. टेंभी नाक्याला त्यांच्या ओळखीचे एक म्हातारे होते, त्यांच्या वडिलांचा कंगवे करण्याचा कारखाना कधीचा बंद पडलेला. त्यांच्या माळ्यावर ही एकच उरली होती. सेल्युलॉइडची, हातभर लांब, मोतिया रंगाची. आत दुधावर साय हलावी तशी लहर. ओल्या फडक्यात गुंडाळून बाबांनी ती बाळंतिणीच्या खोलीतून मूल आणावं तशी आणली. अंगाची ऊब लागू नये म्हणून ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत हात लांब करून धरली होती म्हणे. त्यांचा तो हात पुढे दोन दिवस तसाच राहिला, ते जेवलेही डाव्या हातानं.

सेल्युलॉइडसारखी लहरी वस्तू मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही, आणि मी तीन जावांबरोबर नांदलेय. कातायचं टूल जरा बोथट असलं की सेल्युलॉइड तापतं. तापलं की आधी मऊ पडतं, मग रुसतं, मग पेटतं. भोक पाडताना घाई केली की आतून तडकतं आणि वरून हसत राहतं. कातून झालं तरी आक्रसायचं थांबत नाही, वर्षानुवर्षं म्हाताऱ्या माणसासारखं बारीक बारीक होत जातं. म्हणून एक घास घ्यायचा, थांबायचं, पाणी सोडायचं, पुन्हा एक घास. हल्ली मुलं पेनं कातायला रेझिनच्या तयार कांड्या मागवतात, त्यात झुरळापासून गुलाबापर्यंत वाटेल ते गोठवलेलं असतं, आणि ती तडकली की मला फोन करतात. मी त्यांना सांगते, बाळांनो, तुमची कांडी फार तर फुटते. आमची कांडी घर घेऊन जायची.

आणि तिचा वास. सेल्युलॉइडमध्ये कापूर असतो. कातायला घेतलं की कापराचा घमघमाट सुटतो. पहिल्या दिवशी बाबांनी लेथ लावला तर तीन मजल्यांवरची माणसं हात जोडून आमच्या दारात, आरती चुकली की काय म्हणून. पुढे तो वास घरातल्या सगळ्या वस्तूंत शिरला. उशांना कापूर, चहाला कापूर. आईनं रविवारी बोंबलाचं कालवण केलं तर पहिल्याच घासाला बाबांनी नकळत डोळे मिटून नमस्कार केला. वालाचं बिरडं तर असं लागायचं की आधी पायरीवर डोकं टेकावं आणि मग भात कालवावा. फक्त आत्या खूश होती. घराला देवळाचा वास येतोय म्हणायची.

बाबांनी कांडीचे तीन तुकडे केले. एक पेनाच्या नळीचा, एक टोपणाचा, आणि एक अडीअडचणीला. मग मला समोर बसवून त्यांनी नियम सांगितला. या कांडीला घरात कोणी हात लावायचा नाही. सेल्युलॉइड आणि विस्तव मी एका घरात येऊ देणार नाही, म्हणाले, आणि तू विस्तव आहेस. निघालेला कीस लेथखालच्या पाण्याच्या बादलीत टाकायचा आणि संध्याकाळी खाली नेऊन ओल्या मातीत पुरायचा. वाळला तर काडी लागायचाच अवकाश.

असं सांगितल्यावर कोण हात लावणार नाही?

आठ दिवस रोज दुपारी दीड ते अडीच मी तो तिसरा तुकडा कातत होते. पहिल्या दिवशी टूल माझं ऐकेना, त्यानं आपोआप नक्षी काढली. तिसऱ्या दिवशी कीस सुटायला लागला. किसणीतून खोबरं पडतं तसा नव्हे, सलग. पांढरी, पातळ, अखंड फीत कांडी पकडून फिरवणाऱ्या चकातून निघून माझ्या मांडीवरून, फरशीवरून, थेट उंबऱ्यापर्यंत गेली. मला वाटतं, त्या क्षणी माझं पुढचं सगळं आयुष्य ठरलं, नवरा सोडून. पण त्या फितीचं करायचं काय? बादलीत टाकली तर बाबा कीस ओळखायचे. स्वतःचा कीस ते गर्दीत स्वतःची चप्पल ओळखावी तसा ओळखत. वास लपवायचा असेल तर तो त्याच वासात लपवावा, असा विचार करून मी देव्हाऱ्यातला, फक्त गणपतीच्या संध्याकाळच्या आरतीला निघणारा आत्याचा कापराचा डबा उघडला, कापूर तळाशी दाबला आणि वर कीस भरला. आठ दिवसांचा. या हुशारीचा मला पुढे चाळीस वर्षं पश्चात्ताप करायला सांगितलं गेलं, पण खरं सांगू? कल्पना चांगली होती.

तर कवळी चालली त्या संध्याकाळी सहाला सबनीसकाका वर आले. कवळी तोंडात आणि वाटी पुरावा म्हणून हातात. बाबांनी हाडाच्या प्रामाणिकपणानं सांगितलं की दुपारी दोनला आपण कारखान्यात होतो, हजेरीपटावर सही आहे, काकांना स्वप्न पडलं असणार. सबनीसकाका बत्तीस वर्षं सरकारी खात्यात होते. त्यांना कोणी वेडं म्हटलं असतं तर चाललं असतं, पण त्यांच्या तक्रारीला स्वप्न म्हटलेलं चालत नव्हतं. गणपती झाले की लेथ गॅलरीतून गेला पाहिजे, नाहीतर कमिटीपुढे विषय येईल, एवढं बोलून ते गेले. कमिटीत ते आणि आणखी दोघं होते, आणि ते दोघं बैठकीत झोपत. बाबा खुर्चीत बसून राहिले. लेथ खाली गेला तर तो ठेवायला आमच्याकडे दुसरी वीतभर जागा नव्हती. म्हणजे तो पुन्हा भंगारात जाणार आणि चिमणी पुन्हा राहायला येणार. मी कोपऱ्यात बटाटे सोलत होते. आठ बटाटे सांगितले होते, मी दोन किलो सोलले.

बाबांनी उपाय काढला तो साधा होता. सबनीसकाकांचं जगात एकच प्रेम होतं, ते म्हणजे स्वतःचं अक्षर. सोसायटीची इतिवृत्तं ते अशी लिहीत, की टाकी साफ केल्याची नोंद वाचताना ताम्रपट वाचल्यासारखं वाटे. पण त्यांचं प्रत्येक पेन गळायचं आणि त्यांचे सगळे शर्ट खिशाशी निळे होते. दरवर्षी आमच्या दीड दिवसाच्या गणपतीच्या पहिल्या संध्याकाळी आरतीचं तबक शेवटी त्यांच्या हातात द्यायची पद्धत होती. त्या आधी त्यांना मोतिया पेन द्यायचं, मग बघू, असं बाबांनी ठरवलं.

नळीचे आटे कधीचेच पाडून झाले होते, चतुर्थीच्या आदल्या दिवशी ती घासूनपुसून तयार झाली. निब बसली, निबेखालची जिभली बसली. राहिलं टोपण. संध्याकाळी बाबा त्यात आटे पाडायला बसले. अर्धा आटा राहिला असताना बारीकसा आवाज आला, दाताखाली खडा आल्यासारखा. टोपण उभं तडकलं होतं. बाबांनी शांतपणे अडीअडचणीचा तुकडा घ्यायला खण उघडला. खणात तुकडा नव्हता. त्यांनी सगळे खण काढले, मग गाद्या उलटल्या, मग पिठाचा डबा रिकामा केला. आई म्हणाली, अहो, पिठात कसा असेल? बाबा म्हणाले, जिथे असायला हवा तिथे नाही, म्हणजे आता कुठेही असू शकतो.

तुकडा माझ्या अर्थशास्त्राच्या वहीमागे होता, आणि तो आता तुकडा राहिला नव्हता. मी त्याचं टोपण केलं होतं, आतून आट्यांसकट, बाबांच्याच नळीवर चोरून माप घेऊन. त्या वेळी जाऊन ते त्यांच्या हातात द्यायला हवं होतं. पण मग दुपारी दोनला कोण होतं हेही सांगावं लागलं असतं. पहाटे सगळे झोपलेले असताना मी उठले, मखराशेजारी तोंडावर रुमाल टाकून बसलेल्या गणपतीला ओलांडून गॅलरीत गेले आणि टोपण लेथवर ठेवून पुन्हा येऊन झोपले.

सकाळी बाबांनी ते पाहिलं. नळीवर फिरवलं. अडीच फेऱ्यांत असं बसलं की जोड दिसेना. त्यांनी ते खिडकीपाशी नेलं, भिंग लावलं, नखानं कडा चाचपली. मग सावकाश मान वळवली आणि गणपतीकडे संशयानं पाहिलं. आत्याला तेवढं पुरे होतं. तिनं रुमालाखाली डोकावून सांगितलं की बाप्पाच्या उजव्या हाताच्या बोटांना पांढरं काहीतरी लागलंय. शाडूच्या मूर्तीला पांढरं लागायचंच. दहा वाजेपर्यंत पूर्ण इमारतीला ठाऊक झालं होतं की गुप्त्यांकडे गणपतीनं रात्री लेथ चालवला. बायका टोपण बघायला येत होत्या, टोपणाला कुंकू लावत होत्या. एकीनं आपल्या मुलाच्या नोकरीसाठी लेथपुढे नारळ ठेवला. आणि मी स्वयंपाकघरात मोदकांना कळ्या पाडत बसले होते. देवावर इतकं रागवायची वेळ माझ्यावर त्यापूर्वी आली नव्हती. आयुष्यात पहिलं चांगलं काम केलं आणि ते त्यानं आयतं घेतलं, वर एकवीस मोदकही घेणार होता.

संध्याकाळी आरतीला खोली भरली. सबनीसकाका इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात आले. बाबांनी पेन दिलं. काकांनी ते उघडलं, तळहातावर एक रेघ ओढली आणि खिशाला लावलं. चेहरा असा झाला होता की मला वाटलं, जिंकलो. आरती संपत आली. काकांच्या हातात तबक दिलं. आत्यानं कापराचा डबा उघडला, आत बघून शेजारणीला म्हणाली की यंदा कापूर कसा पिसासारखा आलाय, आणि आपल्या उदार स्वभावाला साजेशी भली मोठी मूठ भरून तिनं ती निरांजनावर सोडली.

मी तोंड उघडलं होतं. शब्द यायच्या आत ज्वाळा आली. ती तबकातून उठली, सबनीसकाकांच्या चेहऱ्यावरून हात फिरवून वर गेली, छताला टेकली, तिथे जरा थांबली आणि नाहीशी झाली. सगळं दोन-तीन सेकंदांचं काम. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी त्या रात्री कोमट होतं, असं लोक सांगतात, आणि मी कोण त्यांना खोटं पाडणारी? मखराचा थर्माकोलचा एक खांब वाकून गणपतीच्या पाया पडला. मूर्तीला काही झालं नाही. सबनीसकाकांनाही काही झालं नाही, फक्त भुवया होत्या तिथे आता कपाळ होतं. ते अजून तबक ओवाळत होते.

या गोंधळात बाबांनी झेप घेतली. देवाकडे नव्हे, आत्याकडे नव्हे, सबनीसकाकांच्या छातीवर. त्यांनी खिशावर हात मारला आणि पेन काढलं, खिशासकट. पेनही सेल्युलॉइडचंच होतं, ते पेटेल ही त्यांची एकच काळजी होती. पण काकांना वाटलं, गुप्त्यांनी जिवाची पर्वा न करता आपल्या छातीवरची आग विझवली. हा गैरसमज आमच्यापैकी कोणीही कधीही दूर केला नाही.

काकांनी तबक खाली ठेवलं आणि विचारलं, “हा कसला कापूर?”

आत्या जरासुद्धा डगमगली नाही. पहाटे टोपण दिलं, आता ज्योत दिली, म्हणाली, बाप्पा जागृत आहे आमचा. बायकांनी हात जोडले. आणि तिथे माझा बांध फुटला. एकदा घेतलं ते घेतलं, दुसऱ्यांदा कसं घेऊ द्यायचं?

“ज्योत नाही ती. सेल्युलॉइडचा कीस आहे. मी लपवला होता डब्यात. आणि टोपणही मीच केलंय, बाप्पानं नाही.”

खोलीत वाकलेला खांब आक्रसतोय तेही ऐकू येत होतं. सबनीसकाकांच्या डोक्यात गणित जुळताना दिसलं. “म्हणजे त्या दिवशी दुपारी दोनला—”

“मीच होते, काका.”

आईनं डोळे मिटून घेतले. आत्या माझ्याकडे असं बघत होती, जणू मी तिच्या डोळ्यांदेखत देव चोरला. मी बाबांकडे बघत होते. ते हातातलं टोपण नळीवर फिरवत होते, अडीच फेऱ्या आत, अडीच फेऱ्या बाहेर.

“कीस सलग निघाला,” त्यांनी विचारलं, “की तुटून तुटून?”

“सलग. चकापासून उंबऱ्यापर्यंत.”

“हं,” बाबा म्हणाले आणि पेन काकांना परत दिलं. मग जणू काहीच घडलं नव्हतं अशा आवाजात त्यांनी काकांना सांगितलं की हे पेन आक्रसत राहणार, टोपण आवळत जाणार, दरवर्षी एकदा लेथवर चढवून आटे मोकळे करावे लागतील. काकांनी विचारलं, दरवर्षी? बाबा म्हणाले, दरवर्षी. काका फाटका खिसा सावरत खाली गेले.

तासाभरानं ते परत आले ते साडेतीन पानांची नोटीस घेऊन. अक्षर असं, की आईनं आधी ती नुसतीच डोळे भरून पाहिली आणि मग वाचली. सुरुवातीच्या दोन पानांत ज्वाळेचं वर्णन होतं. तिसऱ्या पानावर लेथचे धोके. वाचता वाचता आईचा आवाज बसत चालला होता. पण पेन इतकं सुरेख चालत असावं की काकांना थांबवेना, आणि लिहिता लिहिता त्यांचा राग संपला आणि शाई उरली. शेवटच्या अर्ध्या पानावर सोसायटीचा ठराव होता: सदर लेथ सचिवांची कवळी त्यांच्या तोंडात असेल त्याच वेळी चालवावा, आणि कीस सचिवांसमक्ष पाण्यात बुडवावा. खाली सही. कमिटीचे दोघं जागे झाल्यावर त्यांच्याही झाल्या. ती नोटीस मी चौकट करून आजही लेथच्या वर लावलेली आहे. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं ती वाचून हसतात, आणि मी त्यांना बादली दाखवते.

दुसऱ्या दिवशी विसर्जन करून परतताना मी बाबांना विचारलं की आता मला सेल्युलॉइड कातायला बसता येईल का. त्यांनी रिकामा पाट एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतला. मग म्हणाले, सबनीसांच्या भुवया येऊ देत.

झालं. एखादी मुलगी परीक्षेचा अभ्यास करणार नाही इतका मी सबनीसकाकांच्या कपाळाचा अभ्यास केला. सकाळी दूध आणायच्या निमित्तानं, संध्याकाळी पाण्याच्या पंपाच्या निमित्तानं. भुवया नसल्यामुळे त्यांना कोणाला रागावता येत नव्हतं. ते ओरडायचे पण चेहरा आश्चर्यचकित राहायचा, त्यामुळे त्या दिवसांत सोसायटीत फार शिस्त बिघडली. मी आत्याच्या हातापाया पडून तिचं एरंडेल आणलं. आत्या पंधरा दिवस माझ्याशी बोलत नव्हती, पण तेल दिलं. रोज चार वाजता, कवळी तोंडात गेली की, काका दारात खुर्ची टाकून बसत आणि मी कापसाच्या बोळ्यानं त्यांच्या कपाळावर तेल चोळत असे. त्यांनी सगळं सहन केलं. त्यांना वाटायचं, मुलगी पश्चात्तापानं पोळलीय.

गुलाबाचं कलम फुटावं तशी एक दिवस उजवी भुवई फुटली. दिवाळीपर्यंत ती दाट, काळी, थोडी कुरळी अशी पूर्ण आली, पहिलीपेक्षा सरस. डावीचा मात्र पत्ता नव्हता. मी आणखी महिनाभर तेल घातलं. तिथे काही म्हणजे काही उगवलं नाही, पुढेही कधी उगवलं नाही. शेवटी एका रविवारी बाबा गॅलरीत टूलला धार लावत होते, टेंभी नाक्याच्या म्हाताऱ्यांनी माळा झाडून दिलेली वीतभर सेल्युलॉइडची कांडी त्यांच्यासमोर ओल्या फडक्यात होती, आणि मी जाऊन खरं काय ते सांगितलं.

“बाबा, एकच आलीय.”

त्यांनी मान वर केली नाही. धार बोटानं तपासली आणि टूल माझ्यापुढे सरकवलं.

“मग नुसतं टोपण कर.”